डावी फाक, उजवी फाक

ठरलेल्या वेळेच्या पाऊण तास आधी थोरले कारखान्यात हजर झाले, कारण धाकटा लवकर येऊन आबांची खुर्ची पटकावणार याची त्यांना खात्री होती. खात्री खरी ठरली. धाकटा तासाभरापूर्वीच येऊन खुर्चीत बसला होता आणि पाय टेबलाखाली लांबवून वर्तमानपत्र वाचत होता. थोरल्यांनी खुर्चीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं नाही, आणि जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "ताई, त्याला सांग, पाय आवर म्हणावं. माझे खोके तिथे ठेवायचेत."

ताई, दोघांची मोठी बहीण, वर माडीवर चहाचं आधण ठेवत होती. धाकट्याला सगळं ऐकू आलं होतं, चार हातांवरून आलं होतं. पण ताई गुडघा धरत जिना उतरली, "पाय आवर रे," म्हणाली, आणि मगच त्यानं पाय आवरले. एकतीस वर्षं दोघा भावांमधून विस्तव जात नव्हता, आणि जे काही जायचं ते ताईच्या तोंडून जायचं.

आबांच्या वाटणीची गोष्ट ज्यांना पाठ आहे त्यांनी ती पुन्हा ऐकायला हरकत नाही. आबा, म्हणजे या तिघांचे वडील, रिव्हॉल्वरच्या मुठी करायचे. रिव्हॉल्वर नाही, नुसत्या मुठी. मूळची लाकडी मूठ तडकली, फुटली की पोलीस, बँकांचे पहारेकरी आणि एक सर्कशीतला नेमबाज इथे यायचे आणि प्लॅस्टिकची नवी बसवून घ्यायचे. ती हस्तिदंती दिसायची, शिंगाची दिसायची, शिंपल्याचीही दिसायची आणि यांपैकी काहीच नसायची. या घराच्या मालकीचं एकही रिव्हॉल्वर कधी नव्हतं. आबा फुगा फुटला तरी दचकायचे. गिऱ्हाइकानं खरं हत्यार टेबलावर ठेवलं की ते आधी त्यावर रुमाल टाकायचे आणि मग किती दिवसांत हवं ते विचारायचे.

मुठीला दोन फाका असतात. एक डावीकडून बसते, एक उजवीकडून, आणि आरपार जाणारा एक स्क्रू दोघींना धरून ठेवतो. पोरं भांडायला लागली तेव्हा आबांनी डोकं लढवलं. डाव्या फाकांचे साचे आणि डावा तयार माल थोरल्याला, उजवं सगळं धाकट्याला. एकाचं दुसऱ्यावाचून पान हलणार नाही, म्हणजे झक मारत एकत्र राहतील. ताईनं विचारलं, आणि मला? आबा म्हणाले, मुठीला तिसरी बाजू नसते. मग ते बरं दिसेना म्हणून त्यांनी स्क्रूंचा पत्र्याचा डबा तिच्या नावावर लिहिला. आबा गेले आणि अकराव्या दिवशी कारखान्याला कुलूप लागलं. थोरले वजनमापांच्या कचेरीत चिकटले, धाकट्यानं चष्म्यांचं दुकान काढलं, आणि दोघांनीही आपापल्या अर्ध्या मुठी घरी नेऊन ठेवल्या, दुसऱ्याचं नुकसान चालू राहावं म्हणून. इमारत दोघांच्या नावावर राहिली. माडीवरच्या दोन खोल्यांत ताई राहत होती ती आधीपासून राहत आली म्हणून. कागदात तिचं काही नव्हतं.

आणि या वर्षी दोघा भावांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं: इमारत विकायची. हे एकमतसुद्धा ताईच्याच पायांनी झालं. "ताई, त्याला विचार, विकायची का." ती विचारून आली. "ताई, त्याला सांग, माझी ना नाही." ती सांगून आली. मग तिचं काय करायचं हा निरोपही तिनंच पोचवला: सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. दोन्हीकडचे होकार पोचते केल्यावर ती माडीवर गेली आणि दोन दिवस खाली उतरली नाही. त्या दोन दिवसांत घरातला सगळा व्यवहार ठप्प झाला आणि दोघांनाही वाटलं, ताईची तब्येत बरी नसावी.

तेवढ्यात भूलतज्ज्ञांचं पत्र आलं होतं.

हे गृहस्थ निवृत्त होते आणि इतकं हळू बोलायचे की समोरच्याला जांभई यावी. चाळीस वर्षं लोकांना झोपवून झाल्यावर त्यांना जुन्या नकली मुठींचं वेड लागलं होतं. खरं हस्तिदंत त्यांना नको होतं, ते काय कुणाकडेही असतं असं ते म्हणत. त्यांना आबांच्या कारखान्यातली नक्कल हवी होती, जोडीनं आणि मूळच्या स्क्रूसकट. थोरल्यांची मुलगी कवळ्या बनवते म्हणून घरात तिला दातवाली म्हणतात. तिनं एका डाव्या फाकेचा फोटो गंमत म्हणून इंटरनेटवर टाकला आणि आठवड्याभरात पत्र दारात. त्यातला आकडा वाचून दोघा भावांनी एकाच दिवशी रक्तदाब तपासून घेतला, वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. इमारतीचा भाव त्यापुढे किरकोळ होता. तरी ठरलं असं, की आधी मुठी विकायच्या आणि त्या उचलल्या की लगेच इमारत.

जोड्या लावणार कोण, इथे मात्र घोडं पेंड खात होतं. एका मगात कालवलेला माल डाव्या-उजव्या साच्यांत ओतला की दोघींवर एका जातीच्या रेषा उमटत. पुढे पॉलिशच्या पिंपात दोन दिवस सगळ्या एकत्र घुसळल्या जात आणि कुठली कुणाची ते कळेनासं होई. म्हणून माल मऊ असतानाच ताई दोघींच्या आतल्या अंगाला सुईनं एकच खूण काढायची. कालवणं तिचं, खूण तिची, पॉलिश तिचं. आबा पावती फाडायचे. खोक्यांत खुणा बघत बसलं तर कुणालाही जोड्या लागल्या असत्या, पण तीनशे-चारशे डाव्या आणि तितक्याच उजव्या, खुणा नखाएवढ्या आणि अर्ध्या पुसट. ताईला त्या अंगठ्यानं कळायच्या.

आयुष्यात पहिल्यांदाच ताईकडे अडवून धरण्यासारखं काहीतरी होतं. तिनं वाक्यही तयार करून ठेवलं होतं: माडी माझ्या नावावर लिहून द्या, मग जोड्या लावते. कालपासून भांडी घासताना ती ते पुटपुटत होती. चहाचा ट्रे घेऊन ती खाली आली तेव्हा वाक्य अगदी ओठांवर होतं.

धाकटी, म्हणजे धाकट्याची बायको, भिंतीला टेकून उभी होती. ती शाळेत कवायत शिकवते, त्यामुळे तिला बसवत नाही. नणंदेसाठी तिनं मागची खोली रिकामी केली होती, सतरंज्या आणि लेझीमचे गठ्ठे हलवून खाट टाकली होती, आणि रोज येता-जाता ती त्या खाटेकडे बघत होती. ताई वाईट नव्हती. पण ताई घरात असली की नवरा आपल्याशीही ताईमार्गे बोलायला लागेल, याची तिला मनोमन भीती वाटत होती. सहा महिने म्हणजे काही थोडे नव्हेत.

ठरल्या वेळेला आलेल्या भूलतज्ज्ञांनी पांढरे हातमोजे चढवले आणि आधी स्क्रू मागितले. ताईनं डबा उघडला. तळाशी नऊ स्क्रू होते.

"बाकीचे?" थोरल्यांनी विचारलं, चुकून थेट सगळ्यांनाच.

ताई म्हणाली, बाकीचे तुमच्याकडेच आहेत. गेल्या एकतीस वर्षांत दोघंही चोरून, एकमेकांना कळू न देता, तिच्याकडे स्क्रू मागायला येत होते. पितळी स्क्रू, मागे चाकी, पातेल्याच्या झाकणाची मूठ बसवायला यासारखं दुसरं काही नाही. धाकटीला आपल्या स्वयंपाकघरातली झाकणं एकेक करून आठवली. थोरल्यांच्या दारावरची नावाची पाटी चार स्क्रूंवर उभी होती. भूलतज्ज्ञ शांतपणे म्हणाले की हरकत नाही, काढून घेता येतील, आणि दोन्ही घरांची झाकणं त्यांनी वहीत लिहून घेतली.

मग खोके उघडले. थोरल्यांनी आपल्या खोक्यातली वरचीच एक डावी उचलून दिली. भूलतज्ज्ञांनी ती उलटी केली, भिंगातून पाहिली, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. आत एक कंगवा कोरलेला होता. या खुणांवर आपण टिपणं काढली आहेत, असं ते म्हणाले. आतापर्यंत त्यांना सव्वीस सापडल्या होत्या, छत्री, किटली, चिमणी, कुलूप, आणि त्यांच्या मते ही आबांची सांकेतिक लिपी होती, बहुधा लष्करी. धाकट्यानं गंभीरपणे मान हलवली. आबा फार खोल माणूस, असं थोरले म्हणाले. दोघा भावांचं या वर्षातलं हे दुसरं एकमत झालं.

ताईचं वाक्य ओठांवरच होतं. पण भूलतज्ज्ञांनी तिच्याकडे वळून "हिची जोडीदार?" असं इतक्या आशेनं विचारलं, की तिचा हात आपसूक धाकट्याच्या खोक्यात गेला. न बघता तिनं चाचपलं, तीन-चार बाजूला सारल्या, एक वर काढली. कंगवा. तिनं ती डावीच्या शेजारी टेबलावर ठेवली.

डावी पिवळी होती, जुन्या दातासारखी. उजवी पांढरीफेक.

भूलतज्ज्ञांनी दुसरी डावी घेतली, ताईनं तिची जोडीदार दिली. छत्री पिवळी, छत्री पांढरी. किटली पिवळी, किटली पांढरी. सात जोड्या झाल्या तरी तेच. रेषा रेषेला मिळत होती आणि रंगाचे बारा वाजले होते.

कुठे ठेवला होता माल, असं भूलतज्ज्ञांनी विचारलं. थोरल्यांचा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, काचेच्या झरोक्याखाली. धाकट्याचा तळघरात, ओलीत.

"ताई, त्याला सांग," थोरले म्हणाले, "तळघरात माल ठेवतं का कुणी? पांढरा पडलाय नुसता."

"ताई, त्याला म्हणावं, पांढरा पडला नाही, पांढराच होता. तू भाजलास तुझा."

ताईनं यातलं काहीच पुढे सांगितलं नाही. ती समोरच्या सात जोड्यांकडे बघत उभी होती. एकाच मगातून ओतलेल्या, आणि आता शेजारी ठेवल्या तर नातं ओळखू येऊ नये. तिला भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण तिच्याजवळचा एकमेव हुकमाचा पत्ता या दोघा गाढवांनी गच्चीत आणि तळघरात नासवून टाकला होता. जोडी लागतच नसेल तर जोडी लावून देणाऱ्या बाईला माडी कोण देणार?

भूलतज्ज्ञ हातमोजे काढू लागले. बेरंगी जोडी त्यांना नको होती. जाता जाता, केवळ नोंदीसाठी, त्यांनी शेवटची एक डावी उलटी करून विचारलं, "आणि ही पेटी कशाची खूण? ही माझ्याकडे नाही."

"आबा..." थोरल्यांनी सुरुवात केली.

"आबांना चित्र काढता येत नव्हतं," ताई म्हणाली. "खुणा माझ्या आहेत. लिपी कसली, ज्या दिवशी जे हाताशी असेल ते काढायचे. कंगवा हरवला त्या दिवशी कंगवा. ही पेटी मी बांधली होती त्या दिवशीची. दुसऱ्या गावी नोकरी लागली होती मला, रंगांच्याच कारखान्यात. सकाळची गाडी होती. आबा म्हणाले, तू गेलीस तर कालवणार कोण? मी पेटी सोडली आणि कालवायला बसले."

खोलीतल्या कुणालाच ही गोष्ट ठाऊक नव्हती. नोकरीचं कुणी कधी विचारलं नव्हतं.

"तेव्हा वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं," ताई म्हणाली. "एकदा बांधली ती पुरे. मला पुन्हा पेटी बांधायची नाही. तुमच्याकडे सहा नाही आणि तुमच्याकडेही सहा नाही. मला इथेच राहायचंय."

थोरले खोक्याच्या दोरीशी चाळा करत राहिले. धाकट्यानं वर्तमानपत्राची घडी घातली, मोडली, परत घातली. खरं तर दोघांनाही आतून लाज वाटली होती, पण लाजेचा निरोप कुणाकरवी पाठवायचा हे कळेना, कारण निरोप नेणारी समोर उभी होती.

बोलली ती धाकटी. खाट तिच्या डोळ्यांपुढे होती. कवायतीच्या आवाजात तिनं विचारलं की डॉक्टर, यावर काही इलाज नाही का. भूलतज्ज्ञांनी विचार केला. डाव्या उन्हानं पिवळ्या झाल्यात. उजव्यांनाही ऊन दिलं तर चढेल रंग. अंधारात ठेवायच्या डाव्या, काचेआड उन्हात ठेवायच्या उजव्या, रोज फिरवायच्या, नाहीतर ठिपके पडतील. तीन उन्हाळे. चारही लागतील.

"आपण थांबाल?" धाकट्यानं विचारलं.

भूलतज्ज्ञ म्हणाले की थांबण्याचीच त्यांना सवय आहे.

मग ऊन कुणाकडे, यावरून जुंपली. थोरल्यांनी आपली गच्ची देऊ केली. धाकट्यानं ताईला सांगितलं की मेलो तरी माझा माल त्याच्या गच्चीवर जाणार नाही. धाकट्यानं दुकानाची काच सुचवली. थोरल्यांनी ताईला सांगितलं की चष्मेवाल्याच्या काचेत ठेवलेल्या वस्तू परत येत नाहीत असा सर्वांचा अनुभव आहे. ताई दोघांच्या मध्ये उभी होती आणि निरोप तिच्या अंगावरून थेट पलीकडे जात होते.

"ताईंच्या माडीची खिडकी आहे की," धाकटी म्हणाली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि नणंदेची बाजू तिनं पहिल्यांदाच घेतली होती, स्वतःची खोली वाचवायला. "दिवसभर ऊन असतं. उकडतं म्हणून जाडा पडदा लावलाय त्यांनी. ना तुमचं घर, ना दादांचं. फिरवायला माणूसही तिथेच आहे."

"पण मग इमारत..." थोरले म्हणाले.

"चार उन्हाळे कशी विकणार?" धाकटी म्हणाली. "खिडकी विकून ऊन कुठून आणायचं?"

दातवाली इतका वेळ कोपऱ्यात एक पिवळी डावी हातात घेऊन बसली होती. दिवसभर ती दातांचेच रंग जुळवते. पिवळं काढायचं पाणी तिच्या प्रयोगशाळेत पिंपभर होतं. त्यात बुडवून दिव्याखाली ठेवलं की दोन दिवसांत डाव्या पांढऱ्या झाल्या असत्या, उजव्यांना हातही लावावा लागला नसता. पांढऱ्याला पिवळं करण्याच्या नादात पिवळ्याला पांढरं करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाबा, खरं तर आमच्याकडे..." ती म्हणाली, आणि तिनं आत्याकडे पाहिलं.

आत्या तिच्याकडेच बघत होती. काही खुणावत नव्हती, मान हलवत नव्हती, नुसती बघत होती. फोटो आपणच टाकला होता, हे दातवालीला आठवलं.

"काय तुमच्याकडे?" थोरल्यांनी विचारलं.

"आमच्याकडे काही नाही," दातवाली म्हणाली. "मी म्हणत होते, ऊनच बरं." आणि तिनं मिठाची गुळणी धरली.

कागद तिथल्या तिथे झाला. मजकूर धाकटीनं सांगितला: जोड्यांचा रंग एक होईपर्यंत इमारत विकायची नाही, माडी ताईकडे, आणि रंग एक झाला की नाही हे दोघा भावांनी एकत्र येऊन ठरवायचं. शेवटच्या अटीला दोघंही कुरकुरले, पण दुसऱ्याला एकट्याला ठरवू देणं त्याहून वाईट होतं. दोघांनी सही केली, थोरल्यांनी डावीकडे, धाकट्यानं उजवीकडे. भूलतज्ज्ञांनी साक्षीदार म्हणून मधोमध केली.

उजव्या फाकांचे खोके वर चढवायला दातवालीनं मदत केली. जिन्यात ती हळूच म्हणाली, आत्या, तुला कळलं ना मी काय म्हणणार होते? ताई म्हणाली, कवळी तुम्ही कशानं धुता ते मला ठाऊक नाही असं वाटलं का तुला, माझीच कवळी तू केलीयेस. मग तिनं भाचीच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला खाली पाठवलं, वडील एकटे खोके बांधताहेत म्हणून.

खिडकीच्या रुंद कट्ट्यावर ताईनं फाका एकेक करून मांडल्या. जाडा पडदा बाजूला सारला होता आणि ऊन सरळ आत येत होतं. कंगवा, छत्री, किटली. पेटीची उजवी तिला खोक्यातल्या शेवटच्या पाचांत सापडली, आणि अंगठ्याला ती कळताच तिला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं, डोळे पुसले, आणि पेटी सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

खाली पायांचे आवाज झाले. "ताई," थोरल्यांनी हाक मारली, "ऊन पडलंय का बघ जरा!"

"या वेळेला त्या बाजूला असतंच ऊन," धाकटा म्हणाला.

"तुला काय ठाऊक?"

"लहानपणी तिथंच अभ्यासाला बसायचो ना मी."

मग खाली खोके उगाच इकडचे तिकडे सरकू लागले. मध्ये कुणी नव्हतं, हे दोघांच्याही लक्षात आलं असावं.

"ताई?" जरा वेळानं थोरल्यांनी पुन्हा विचारलं. "आहे ना ऊन?"

"भरपूर आहे रे," ताई खाली ओरडून म्हणाली, आणि तिनं पडदा ओढून घेतला.